चौघांतला तिसरा आवाज

हारून सरखोत याने नोकरीत एकही कागद फाडलेला नाही. सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत तो गेली एकोणीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे कुठला पाइप कुठून कुठे जातो हे त्याला कळत नाही, पण त्या पाइपाचं कुठलं ड्रॉइंग आजचं आणि कुठलं कालचं, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. पहिलं ड्रॉइंग येतं ते रेव्हिजन शून्य. त्यात बदल झाला की रेव्हिजन एक. मग शून्यावर 'सुपरसीडेड', म्हणजे बाद, असा लाल शिक्का बसतो आणि ते कपाटात जातं. फाडायचं नाही. उद्या काही गडबड झाली तर साहेब लोक आधी विचारतात, "याच्याआधी काय होतं?" त्या प्रश्नाला उत्तर असावं एवढ्यासाठी हारूनला पगार मिळतो.

माणूस दाभोळच्या खाडीकाठचा. लहानपणी मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची कवनं, पढणाऱ्या मंडळीत बसायचा. तिथे पुढचे लोक उंच आवाजात पढायचे आणि हारूनला मागे बसवून खालचा सूर धरायला लावायचे. बाकीचे कुठेही जावोत, आपण आपली जागा सोडायची नाही, हे त्याला दहाव्या वर्षी शिकवलं गेलं. पुढे आयुष्यभर त्याने तेच केलं, आणि एकदा ज्या कामासाठी जागा सोडली, त्याचीच ही गोष्ट.

कंपनीच्या वसाहतीत, म्हणजे कंपाउंडमधे, डेल नावाचा एक अमेरिकन प्लॅनर होता. टेनेसीचा. तो कंट्री गाणी लिहायचा. कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गाणं: गिटार, जुना ट्रक, आई, पाऊस, सोडून गेलेली बायको आणि सोडून न गेलेला कुत्रा. वर्षातले अकरा महिने घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. हारून मनातल्या मनात ट्रकच्या जागी होडी घालायचा, की गाणं दाभोळचं व्हायचं. कुत्र्याचं तेवढं जमायचं नाही.

डेलने चौघांचा गट केला. नाव 'सबखा बॉइज'. सबखा म्हणजे समुद्राकाठची मिठागरासारखी जमीन, आणि बॉइजचं सरासरी वय सत्तेचाळीस. मुख्य चाल गायचा रोमेल, वेल्डिंग इन्स्पेक्टर, फिलिपिनो. त्याच्या वरचा सूर डेलचा. सगळ्यात खालचा, अर्थात, हारूनचा. आणि या सगळ्यांच्या मधे जो तिसरा आवाज लागतो, बॅरिटोन, तो होता हेमचंद्र खरवंडीकर यांचा.

बॅरिटोन म्हणजे चौघांतला कुरिअरवाला. आला तर कुणी वर बघत नाही. नाही आला तर सगळे त्याच्याच नावाने ओरडतात.

खरवंडीकर साहेब चिंचवडचे, सेफ्टी विभागातले सीनियर इंजिनियर. तरुणपणी दोन वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेले. ऑफिसच्या गणेशोत्सवात एकदा दुसरा क्रमांक मिळालेला. "स्पर्धक तीन होतो," हे तेच सांगायचे आणि स्वतःच मोठ्याने हसायचे. हारूनला ते 'हारूनमियाँ' म्हणायचे, हारून त्यांना 'साहेब'. बाकी कंपाउंडात मराठी बोलायला दोघांना दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ही मैत्री थोडी भाषेची होती आणि थोडी नाइलाजाची. बऱ्याच मैत्र्या अशाच असतात.

करोना ओसरला त्या वर्षी अल्बम करायचं ठरलं. नाव 'अ‍ॅन्युअल लीव्ह'. दहा गाणी. स्क्वॉश कोर्टामागच्या सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, दाराला घोंगड्या टांगल्या आणि तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. रेकॉर्डिंगचं काम हारूनकडे आलं; फाइल सांभाळणारा माणूस गटात तोच होता. चौघांच्या शिफ्ट कधी जुळायच्या नाहीत. म्हणून जो तो आपापल्या सुट्टीला यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि आपली ओळ एकटाच गाऊन जायचा. चार आवाज, चार वेगळे ट्रॅक. एकत्र झाले ते फक्त हारूनच्या कॉम्प्युटरवर.

आणि तिथे घोळ कळला.

खरवंडीकर बेसूर नव्हते. असते तर बरं झालं असतं. बेसुराला सांगता येतं. त्यांचा घोळ वेगळाच होता. त्यांच्या कानावर जो संस्कार झाला होता त्यात एकच सूर असतो आणि सगळ्यांनी मिळून त्याच्यात मिसळायचं असतं. इथे मात्र त्यांना रोमेलच्या चालीशेजारी स्वतःची वेगळी ओळ धरून चालायचं होतं. अर्धं गाणं ते चालायचेही. मग आईचं किंवा पावसाचं कडवं आलं, की साहेबांना भरून यायचं, आणि ते आपली ओळ सोडून सरळ रोमेलच्या सुरात जाऊन बसायचे. तन्मय होऊन. मीटिंगमधे एखादा माणूस मधेच उठून दुसऱ्याच्या खुर्चीत बसावा, तसं. त्यांची खुर्ची रिकामी, रोमेलच्या खुर्चीत दोघं. दहाच्या दहा गाण्यांत.

हारूनने डेलला ऐकवलं. डेलने हेडफोन काढले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "डू समथिंग, हारून." काय, ते त्याने सांगितलं नाही. नंतर कधी विचारलंही नाही. जबाबदारी देण्याची ही पद्धत हारूनच्या ओळखीची होती.

सरळ मार्ग होता. साहेबांना बोलवायचं, ऐकवायचं, परत गाऊन घ्यायचं. हारूनने तीनदा फोन उचलला. साहेब सीनियर, शिवाय त्या आठवड्यात भेटतील त्याला सांगत होते, "रेकॉर्डिंग झालं बरं का आमचं!" हारूनने फोन ठेवला, गाद्यांच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि साहेबांची दहाही गाणी स्वतः गायला. तीन दिवस लागले. आवाज जरा वरच्या पट्टीत नेला, जरा नाकातून काढला. मग त्याने चार वर्षं पस्तावण्यासारखं काम केलं, पण फाइलिंग चोख केलं: स्वतःच्या आवाजाला 'बॅरिटोन, रेव्ह. १' असं नाव दिलं, आणि साहेबांचे ट्रॅक 'सुपरसीडेड' नावाच्या फोल्डरमधे ठेवून दिले.

अल्बम तयार झाला तेव्हा साहेबांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला. संपल्यावर म्हणाले, "मायक्रोफोन चांगला होता रे."

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परकाच वाटतो, हे सगळ्यांना माहीत असतं. साहेबांनाही माहीत होतं.

पुढची चार वर्षं साहेबांच्या गाडीत दुसरं काही वाजलं नाही. राबिघहून जेद्दाच्या विमानतळापर्यंत दीड तास लागतो आणि अल्बम अडतीस मिनिटांचा आहे, म्हणजे जो बसेल त्याला तो दोनदा ऐकावा लागायचा. चौथ्या गाण्याशी साहेब आवाज वाढवायचे आणि स्टीअरिंगवर बोट आपटायचे. "ऐका हं. आता. हा! हा मी." मागच्या सीटवरचा कुणी नवा इंजिनियर "वा" म्हणायचा. पुढच्या सीटवर हारून असायचा. तो खिडकीतून बाहेर बघायचा. त्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही, हे त्याला तेव्हा फार जाणवायचं.

एकदा कंपाउंडच्या कँटीनमधे साहेबांनी बारा जणांना बसवून अल्बम ऐकवला. कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचा आणि हारूनचा आवाज काय मिळतो हो!" साहेब म्हणाले, "अहो, सवयीने मिळतात आवाज." हारून शेजारीच होता. त्याने चहाचा घोट घेतला.

सांगायच्या वेळा तशा पुष्कळ आल्या. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर चेष्टा झाली असती. दुसऱ्या वर्षी भांडण झालं असतं. तिसऱ्या वर्षापर्यंत ती गोष्ट इतकी मोठी झाली होती की तोंडातून निघाली नसती. डेल कायमचा टेनेसीला गेला. रोमेलची बदली जिझानला झाली. उरले हे दोघंच, एकाच आवाजाचे दोन धनी.

गेल्या हिवाळ्यात साहेबांच्या मानेत गाठ निघाली. पुण्याला जाऊन ऑपरेशन केलं. गाठ साधी होती, पण काढताना आवाजाची नस दुखावली. तीन महिने उपचार झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, एवढंच राहील. एवढंच म्हणजे फुंकरीइतकं. साहेब नोकरीची आवराआवर करायला तीन आठवड्यांसाठी राबिघला परत आले; इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, फायनल एक्झिटचा शिक्का, खलास. खिशात एक छोटी वही आणि पेन ठेवायचे, त्यावर लिहून बोलायचे. हारूनला पहिल्या दिवशी त्यांनी लिहून दाखवलं, 'आता मीटिंगमधे कुणाला रागावता येत नाही. लोक खूश आहेत.'

तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून अलकावहिनींचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, फोन आला.

"हारूनभाऊ, एक काम होतं. यांना सांगू नका, मला त्यांना चकित करायचंय. तुमच्या त्या रेकॉर्डिंगमधे सगळ्यांचे आवाज वेगवेगळे घेतले होते ना?"

"होय वहिनी."

"मग मला नुसता यांचा द्या. बाकीचे नकोत. घरी यांचं बोललेलं खूप आहे, फोनवर, व्हिडिओत. बहुतेक मला ओरडलेलंच आहे. पण गाणं कुठेच नाही हो. स्वानंदी म्हणाली, बाबांच्या गाण्याचं एवढंच एक रेकॉर्डिंग आहे जगात."

हारून म्हणाला, "बघतो वहिनी." मग म्हणाला, "आहे वहिनी." मग म्हणाला, "पाठवतो."

ही तीन वाक्यं कोणत्या क्रमाने कुठे घेऊन जाणार, हे त्याला बोलताना दिसत होतं. खरं तर दोन फोल्डर होते, आणि दोन्ही त्याच्याकडे होते. एकात साहेब होते, चुकीच्या खुर्चीत बसलेले. तो पाठवला तर वहिनी तो अल्बमशेजारी लावून बघणार, आणि सगळं उघडं पडणार. दुसऱ्यात तो स्वतः होता, जरा नाकातून. हारूनने चौथं गाणं उचललं, दुसऱ्या फोल्डरमधलं, आणि पाठवून दिलं.

अर्ध्या तासाने वहिनींचा मेसेज आला: 'खूप रडले. थँक यू भाऊ.'

संध्याकाळी दाभोळला साबिराशी, म्हणजे बायकोशी, फोनवर बोलताना त्याला राहवलं नाही. सगळं सांगितलं. साबिराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे ती बाय तुजा आवाज ऐकून रडली?"

"होय."

"आनि त्याचा खरा आवाज तुज्याकडं हाय? पेटीत?"

"फोल्डरमदी."

"फोल्डर काय नि पेटी काय. लोका मानूस मेल्यावर चोऱ्या करतात, तू जित्या मानसाचा गळा चोरलास. आता आनि परत पन देत नाय." आणि लगेच, "जेवलास काय?"

"नाय."

"बरा केलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खरवंडीकर साहेब डॉक्युमेंट कंट्रोलच्या काउंटरपाशी आले. वहिनींना नवऱ्याला चकित करायला एक रात्रही धीर धरवला नव्हता. साहेबांनी फोन काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर तीच फाइल होती. साहेबांनी गाणं लावलं नाही. त्यांनी फाइलच्या नावाखाली बोट ठेवलं.

'बॅरिटोन, रेव्ह. १.'

हारूनने नाव बदललं नव्हतं. लपवायचं म्हणून केलेल्या कामातही त्याचा हात फाइलिंगच्या नियमानेच चालला होता. आणि समोर उभा होता तो तीस वर्षं ड्रॉइंग तपासलेला माणूस. बाकी कुणी नाव वाचलं असतं आणि पुढे गेलं असतं. साहेबांनी वही काढली आणि लिहिलं:

'रेव्ह. शून्य कुठे आहे?'

हारूनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. काउंटरवर दोन सौदी इंजिनियर ट्रान्समिटल, म्हणजे ड्रॉइंगांसोबतचा पोच-कागद, घ्यायला थांबले होते. त्याने त्यांना "बुकरा, प्लीज, बुकरा," म्हणजे उद्या या, असं सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. मग साहेबांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोन दिले आणि लाल शिक्क्याचं फोल्डर उघडलं.

"साहेब, हे तुमचं. अल्बममधे आहे ते माझं. दहाही. डेल म्हणाला काहीतरी कर, मी हे केलं. डेलने नाही, मी."

साहेबांनी पहिल्यापासून दहाव्यापर्यंत ऐकलं. अडतीस मिनिटं. हारून उभा होता. बसावं की नाही हे त्याला ठरवता येईना. चौथ्या गाण्याशी साहेबांचं बोट टेबलावर आपटायला उचललं गेलं, आणि तसंच राहिलं. तिथे त्यांचा आवाज आपली जागा सोडून निघाला होता. त्यांना ते कळलं. कळण्याइतकं गाणं ते शिकले होते.

हेडफोन काढून त्यांनी लिहायला घेतलं. बराच वेळ लिहिलं. एक ओळ खोडली. मग वही हारूनपुढे सरकवली.

'चुकलो होतो हे खरं. काढलंस तेही एक वेळ ठीक. पण मी चार वर्षं लोकांना धरून धरून ऐकवत होतो आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास.'

हारून म्हणाला, "होय साहेब."

'सांगितलं असतंस तर शिकलो असतो. तेव्हा गळा होता.'

हारूनने ती ओळ दोनदा वाचली.

साहेबांनी वही परत ओढली आणि दोन ओळी लिहिल्या. पहिली: 'अलकाला तू सांग. आत्ता. माझ्यासमोर.' दुसरी: 'अल्बममधे मला परत घाल.'

फोन करताना हारूनने स्पीकर चालू ठेवला. सगळं सांगून झालं. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"म्हणजे," अलकावहिनी म्हणाल्या, "मी काल रडले ते तुमच्या आवाजावर?"

"होय वहिनी."

"स्वानंदीलापण पाठवलंय मी. तिने ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं." मग आवाज कडक झाला. "हे आहेत का तिथे?"

"समोरच आहेत."

"मग त्यांना सांगा, इतकी वर्षं संसार केलाय, आणि मला ओळखू आलं नाही. त्याचं मी बघते माझं. तुमचं तुम्ही बघा." फोन ठेवला गेला.

साहेबांनी फोनकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्यासारखं केलं. हसणं हारूनसाठी नव्हतं, हे हारूनला स्पष्ट दिसलं.

साहेबांचं विमान रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाला दोन तास असताना, दोघं गाद्यांच्या खोलीत बसले. गाद्या आता नव्हत्या. स्पोर्ट्स क्लबने तिथे टेबल टेनिसचं सामान ठेवलं होतं. जिझानला रोमेलला फोन करून परवानगी घेतली होती. सगळं ऐकून तो म्हणाला होता, "तरीच. मला वाटायचं, हारूनला जुळा भाऊ आहे." डेलला पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं नव्हतं.

पहिलं गाणं. हारूनने स्वतःचा बॅरिटोन बंद केला आणि साहेबांचा ट्रॅक जागेवर आणला. कडवं बरं गेलं. मग आईची ओळ आली, साहेब उठून रोमेलच्या खुर्चीत गेले, आणि मधे एक भोक पडलं. चार आवाजांच्या गाण्यात तीनच उरले की ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. तसं झालं.

साहेब उठले. वहीत 'आलो' एवढंच लिहून बाहेर गेले.

खोलीत हारून एकटा उरला. स्क्रीनवर त्याचा स्वतःचा ट्रॅक राखाडी होऊन पडला होता. त्याच्या मनात आलं, हा अगदी खाली ठेवला तर? इतका खाली, की ऐकूच येणार नाही. फक्त भोक भरेल. साहेबांचा आवाज वर राहील, तोच ऐकू येईल. लोकांना वाटेल, काय गायलेत. साहेबांनाही कळणार नाही. त्यांचं भलंच होईल. हारूनने बटणावर बोट ठेवलं. भल्याचा विचार त्याच्या मनात इतक्या सहज आला, इतका ओळखीचा वाटला, की त्यानेच तो दचकला. चार वर्षांपूर्वीही हाच आला होता, याच खोलीत, असाच दबक्या पावलांनी.

त्याने राखाडी ट्रॅक पूर्ण काढून टाकला. कुठल्याच फोल्डरमधे ठेवला नाही. मशीनने विचारलं, नक्की? त्याने हो म्हटलं. मग एकेक करून उरलेले नऊही काढले. हाताला सवय नव्हती; दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

साहेब आले तेव्हा पहिलं गाणं तयार होतं. त्यांनी उभ्यानेच ऐकलं. आईच्या ओळीला त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. गाणं संपल्यावर त्यांनी वहीत एक शब्द लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

'भयंकर.'

"काढू का साहेब?"

साहेबांनी मान हलवली. नाही.

"लोक हसतील."

साहेबांनी खांदे उडवले.

हारूनने हात मांडीवर ठेवले. मनातलं वाक्य चार वर्षांत तोंडापर्यंत अनेकदा आलं होतं. आता ते म्हणायला तो मोकळा होता, आणि तरी जड गेलं. "साहेब, माफ कराल का मला?"

साहेब पुढे आले. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, वही गुडघ्यावर घेतली आणि बराच विचार करून लिहिलं. हारूनने वाकून वाचलं.

'दुसरं लाव.'

गाणी दहा होती. त्याने दुसरं लावलं.